मामींनी निवडलेला पिकअप

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्या सासूबाई देवगाव रंगारीहून आमच्याकडं राहायला आल्या, त्याच आठवड्यात मी माझ्या गिटारचा पिकअप बदलायचं ठरवलं होतं. सासूबाईंना मी मामी म्हणतो. लग्नाला दहा-बारा वर्षं होऊन गेली होती, पण मामी माझ्याशी कधी सलग चार वाक्यं बोलल्या नव्हत्या. मी खोलीत आलो की पदर सावरायच्या, मी जेवायला बसलो की आत जायच्या. काही हवं-नको असलं तर लेकीला सांगायच्या आणि लेक मला सांगायची.

माझी बायको शाळेत शिकवते, सकाळीच घर सोडते. मी चिकलठाण्याच्या एका कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो, आणि त्या महिन्यात मला दुसरी पाळी होती. म्हणजे दुपारपर्यंत सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत मी आणि मामी दोघंच. त्यांच्या डोळ्यात औषध घालायचं काम आपोआप माझ्याकडं आलं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या सकाळी त्या कॉटवर आडव्या झाल्या, एका हातानं डोक्यावरचा पदर धरला, आणि मी बाटली जवळ नेली की डोळा गच्च मिटायला लागल्या.

"मामी, डोळा उघडा ना."

"उघडलाच हाय की."

थेंब गालावरून कानाकडं गेला. दुसराही गेला. तिसऱ्या वेळी मी खालची पापणी बोटानं हळूच ओढली तेव्हा कुठं औषध आत गेलं.  दोघंही अवघडलो होतो.

त्याच सकाळी मी आमच्या बँडच्या बेसवाल्याशी फोनवर बोलत होतो. हा माझा पॉलिटेक्निकपासूनचा मित्र, छावणीत राहतो. त्याच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही तिघं दर रविवारी मेटल, म्हणजे रॉकमधला सगळ्यात दणदणीत प्रकार, वाजवतो. तो बेस, मी गिटार, आणि तिसरा एक बारीक अंगाचा ड्रमवाला, जो एरवी कुरियरची पार्सलं घेऊन शहरभर फिरतो. महिन्याभरानं एका कॉलेजच्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम होता, आणि आदल्या रविवारी बेसवाल्यानं वाजवता वाजवता हात थांबवून मला सांगितलं होतं, "यार, तेरी गिटार क्या बोल रई, समझ मेंच नहीं आ रा. पूरी खिचडी हो रई." मोबाईलवर केलेलं रेकॉर्डिंग त्यानं ऐकवलं. त्याचं खरं होतं. तर फोनवर मी म्हणालो, "पिकअप बदलावाच लागंल. जुन्यात काही दम राहिला नाही."

फोन ठेवला तर आतून मामींचा आवाज आला. "पिकअप घ्यायलेत व्हय, जावईबापू?"

मी चमकलो. त्या थेट माझ्याशी बोलत होत्या.

"आमच्या शेजारच्यानं घेतली मागं, अद्रक भरून मंडईला न्यायला," त्या म्हणाल्या. "हप्ता लई बसतो म्हणतो. इचार करून घ्या."

मला हसू आवरेना. मी गिटार घेऊनच त्यांच्या खोलीत गेलो आणि कॉटवर त्यांच्या शेजारी ठेवली. काळ्या चष्म्याच्या कडेनं त्यांनी ती बघितली. तारांखाली बसवलेली ती काळी पट्टी म्हणजे पिकअप, असं मी सांगितलं. आत चुंबक असतं आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की ती थरथर हा पकडतो आणि अ‍ॅम्पकडं पाठवतो. अ‍ॅम्प कितीही भारी असला तरी ह्यानं जे पकडलं तेच मोठं होऊन बाहेर येणार.

"म्हंजी ह्याला ऐकू येत नसंल तर फुडं सगळं वायाच," मामी म्हणाल्या.

मी हो म्हणालो.

आता माझ्या कानाचं सांगायला हवं. आदल्या हिवाळ्यात सर्दीनं माझे कान दडले होते. सर्दी गेली, दडा सुटला, पण डाव्या कानात एक बारीक सूर मागं राहिला तो राहिलाच. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बारीक, चढ्या पट्टीतले आवाज मला कमी यायला लागलेत. डाव्या कानाचं नुकसान जास्त, उजव्याचं थोडं. यंत्र लावून बघा म्हणाले. मी बघू म्हणालो. कंपनीत मशीनचा आवाज ओळखता येत होता, बायकोचं बोलणं कळत होतं, गिटार वाजवता येत होती. माझं अडत नव्हतं, असं मला वाटत होतं.

पिकअपचा शोध मी त्या रविवारपासूनच चालवला होता. मेटलसाठी बॅटरीवर चालणारे पिकअप पुष्कळ जण वापरतात. आवाज एकदम टणक येतो, खरखर जवळजवळ नसते. पण बॅटरी बसवायला गिटारचं लाकूड कोरावं लागणार होतं. पहिल्या नोकरीच्या पहिल्या वर्षात घेतलेली गिटार, तिला पटाशी लावायला मन होईना. मग राहिले साधे, बिनबॅटरीचे. त्यात एक बेसवाल्याकडं पडून होता, सिरॅमिक चुंबकाचा, फार ताकदीचा. "मेरेकू क्या करना उसका? ले जा," म्हणून त्यानं तो रुमालात गुंडाळून दिला. दुसरा पुण्याच्या एका अनोळखी माणसाकडून आला. गिटारवाल्यांच्या एका ग्रुपवर मी माझी अडचण लिहिली होती. त्यानं कळवलं की त्याच्याकडं अल्निको चुंबकाचा एक मध्यम ताकदीचा आहे, तो पाठवतो. लावून बघा, आवडला तर पैशाचं बघू, नाहीतर परत पाठवा. ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं तो आला. ह्या माणसाला मी अजून भेटलेलो नाही.

मध्यम ताकदीचा पिकअप मेटलला काय कामाचा, असं माझं मत होतं. म्हणून आधी सिरॅमिक घेतला. औरंगपुऱ्यातून सोल्डरची तार आणली, तारा उतरवल्या, स्क्रू काढले. सोल्डर करताना धूर होतो आणि तो मामींच्या डोळ्याला चालणार नाही म्हणून सगळा पसारा गॅलरीत मांडला. तासाभरात पिकअप बसला. तारा चढवल्या, मेटलला लागतात तशा खालच्या पट्टीत लावल्या आणि बाहेरच्या खोलीत अ‍ॅम्प सुरू केला. पहिल्याच ठोक्याला मला वाटलं, काम झालं. आवाज अंगावर आला. मी ट्रेबलचं बटण, म्हणजे आवाजाला धार देणारं, फिरवत फिरवत पार टोकाला नेलं आणि मनसोक्त वाजवलं.

"मामी, कसं वाटलं?" मी आत डोकावून विचारलं.

"चांगलं हाय की," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीही चांगलं होतं. तिसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं म्हणून मी मध्येच उठून टाकी भरायला गेलो, आणि परत येताना बघितलं तर मामी दोन्ही कानांवर उशी दाबून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी उशी पटकन मांडीवर घेतली.

मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. "मामी, खरं सांगा. तुम्ही खरं सांगितलं तर माझं काम होईल. वाईट वाटणार नाही मला."

त्या पदराचा काठ चाळायला लागल्या. जावयाला नावं ठेवायची त्यांना सवय नव्हती.

"आवाज मोठा हाय, त्याचं काय नाय," शेवटी त्या म्हणाल्या. "हिरीवरच्या मोटारीपाशी जलम गेला आमचा. पर ह्याच्यात कायतरी टोचतंय. दात शिवशिवायलेत माझे. आन तुम्ही थांबल्यावर ती शिट्टी वाजती ती?"

"कुठली शिट्टी?"

"आता वाजायली बगा की."

अ‍ॅम्प बाहेर सुरूच होता. मी कान देऊन ऐकलं. मला काहीही ऐकू येत नव्हतं.

मी बाहेर गेलो. अ‍ॅम्पपाशी गुडघ्यावर बसलो, उजवा कान जवळ नेला, आणखी जवळ नेला. तेव्हा ती ऐकू आली. एक सुईसारखी, न थांबणारी शिट्टी. असा पडून जुना झालेल्या पिकअपच्या आतलं, वेढे घट्ट धरणारं मेण सुटलं की वेढे थरथरतात आणि मोठ्या आवाजात तो असा ओरडतो, हे मला ठाऊक होतं. माझं ट्रेबल टोकाला होतं, त्यानं ती आणखी वाढली होती. तीन दिवस ती घरात वाजत होती, आणि आत एक नुकतं ऑपरेशन झालेली बाई ती सोसत पडली होती. मी अ‍ॅम्प बंद केला आणि तिथंच जमिनीवर बसून राहिलो.

मामी भिंतीला धरून बाहेर आल्या. "बंद कामून केलं? म्या काय वाईट बोलले का?"

"नाही मामी. मला ऐकू येत नव्हती ती."

 त्या पदर न सावरता माझ्यासमोर फरशीवर बसल्या. "कवापासून?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. दडलेले कान, तपासणी, यंत्र, सगळं. बायकोला मी ह्यातलं बरंचसं सांगितलं होतं, पण असं एका दमात, एकेक करून कुणालाच सांगितलं नव्हतं. मामींनी हळहळ केली नाही, देवाचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाल्या, "मंग म्या हाय की आठ-पंधरा दिस. माझा कान धडधाकट हाय. दुसरा लावा. म्या सांगते."

दुसऱ्या दिवशी पुण्याचा पिकअप बसवला. मला तो पहिल्याच ठोक्याला बारका वाटला. पण एक गोष्ट मला अनुभवानं माहीत होती, की दोन आवाजांतला मोठा असतो तोच नेहमी चांगला वाटतो. म्हणून अ‍ॅम्पचा आवाज वाढवून दोन्ही सारखे करून घेतले. मामी कॉटवर टेकून बसल्या, हातात स्टीलचा चमचा. तो त्यांनी स्वतःच आणला होता, कशाला ते मला कळलं नव्हतं. मी जाड तारेवर हाताची कड ठेवून भराभर ठोके मारायला लागलो, आणि त्या कॉटच्या लोखंडी कडेवर चमचा वाजवायला लागल्या. माझ्या ठोक्याला त्यांचा ठोका. मी वेग वाढवला, त्या मागोमाग आल्या. मी मध्येच एक ठोका गाळला, तर त्यांचा चमचा हवेत थांबला.

"ह्याच्यात मोजाया येतंय," त्या म्हणाल्या. "मंगाच्यात नुसतं भर्र व्हत व्हतं. तुम्ही किती ठोकायलेत तेच कळंना."

जुन्या पिकअपवर बेसवाला ज्याला खिचडी म्हणाला होता, ताकदीच्या सिरॅमिकवरही तीच होत होती. ताकद जास्त असलेल्या पिकअपनं आवाज आधीच गच्च होत होता, आणि त्यात मी अ‍ॅम्पची फाड, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारं डिस्टॉर्शन, घालत होतो. ह्या मध्यम पिकअपमध्ये प्रत्येक ठोक्याला सुरुवात होती आणि शेवट होता. मी हे कुठं कुठं वाचलंही होतं, पण मला ते पटलं चमच्यामुळं.

पुढचे तीन-चार दिवस आम्ही दोघांनी हेच केलं. सकाळी डोळ्यात औषध, मग चहा, मग गिटार. औषधाच्या वेळी त्या आता स्वतःच पापणी धरायच्या. पिकअप तारांच्या किती जवळ हवा ते स्क्रू पिळून ठरवायचं असतं. मी एक पिळा देऊन वाजवायचो आणि त्या सांगायच्या, जड झालं, हलकं झालं, ऱ्हाऊ द्या. शेवटी ट्रेबलचं बटण राहिलं. मी ते शून्यावरून सावकाश फिरवत गेलो.

"अजून. अजून जरा. बास! आता टोचंल."

माझ्या अंदाजापेक्षा ते कितीतरी अलीकडं होतं. मला तिथं आवाज मंद वाटत होता. पण मी हात काढून घेतला. शाळेतून आलेली बायको दारात पर्स घेऊन हे सगळं बघत उभी होती. तिनं कपाळावरची टिकली काढली आणि बटणाच्या रेघेसमोर अ‍ॅम्पवर चिकटवली. "आता ह्याच्या पुढं न्यायचं नाही," ती म्हणाली, आणि आत जाऊन हातपाय धुवायला लागली. तिच्या आईनं आणि मी मिळून केलेलं ते पहिलंच काम. ती खूश होती हे तिच्या भांडी लावण्यावरून कळत होतं.

रविवारी छावणीत वाजवलं. पहिलं गाणं संपल्यावर बेसवाला माझ्या अ‍ॅम्पपाशी आला, टिकलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"अब सुनाई दे रा. ये सेटिंग किसने किया?"

"सासूने."

तो हसत हसत भिंतीला टेकला. पण मी त्याला कानाचंही सांगितलं. तो हसायचा थांबला. त्या दिवसापासून तो माझ्या उजव्या बाजूला उभा राहतो. त्यावर आमचं परत कधी बोलणं झालेलं नाही.

मामींची डोळा दाखवायची तारीख आली तेव्हा त्यांनी घरातून निघतानाच लेकीला सांगितलं, "आधी ह्यांचा कान, मंग माझा डोळा." मी म्हणालो पुढच्या आठवड्यात बघू. त्या रिक्षात बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "माझ्या डोळ्याला पुढचा आठवडा म्हणला न्हवता तुम्ही." बायकोनं माझ्याकडं बघितलंही नाही, रिक्षावाल्याला कानाच्या दवाखान्याचा पत्ता सांगितला.

तपासणी झाली. आधीपेक्षा थोडं वाईट होतं, फार नाही. तिथल्या बाईंनी डाव्या कानाला एक छोटं यंत्र लावून दिलं, वापरून बघायला. म्हणाल्या, बाहेर जाऊन बसा, जरा वेळ ऐका. मी बाहेर बाकड्यावर मामींच्या शेजारी जाऊन बसलो. आधी पंख्याचा आवाज आला. मग कुणीतरी प्लास्टिकची पिशवी चुरगाळली ती. आणि मग अगदी जवळून, कानापाशी, बारीक किणकिण. मी मान वळवली. मामी पदरानं चष्मा पुसत होत्या आणि त्यांच्या हातातल्या काचेच्या बांगड्या वाजत होत्या. पंधरा दिवस ही बाई माझ्या घरात वावरत होती, रोज सकाळी माझ्यासमोर बसत होती, आणि तिच्या बांगड्या मला एकदाही ऐकू आल्या नव्हत्या.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. येतंय ऐकू."

माझे डोळे भरून आले होते. त्यांनी ते बघितलं की नाही मला माहीत नाही, चष्मा त्यांच्या हातात होता.

यंत्र मी घेतलं. गिटार वाजवताना ते काढून ठेवतो आणि कानात बोळे घालतो, डॉक्टरांनी तसंच सांगितलंय. म्हणजे वाजवताना मला अजूनही सगळं ऐकू येत नाही, आणि पुढं कदाचित आणखी कमी येईल. पण टिकली कुठं आहे ते मला दिसतं, आणि तिच्या अलीकडं-पलीकडं काय आहे ते मला ज्यांनी सांगितलं त्यांच्यावर माझा भरवसा आहे. पुण्याच्या माणसाला मी पैसे पाठवले आणि फोन करून सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, "त्यांना माझा नमस्कार सांगा." मी सांगितला. मामींनी कोण, कुठला, शेती आहे का, सगळं विचारून घेतलं.

कार्यक्रमाच्या आधी मामींना गावाला सोडायचं ठरलं होतं. त्या तयार होईनात. "यवढं माझ्यासमोर तासलं तुम्ही, आता बगू तर द्या," म्हणाल्या. रविवारी दुपारी बायको त्यांना घेऊन कॉलेजच्या हॉलवर आली. कानात कापूस घातला आणि मागच्या रांगेत बसवलं. काळे टी-शर्ट घातलेली पोरंपोरी उभी होती, त्यात एका नऊवारीतल्या बाईला बघून सगळ्यांनी जागा करून दिली. एका मुलीनं आपली खुर्ची उचलून पंख्याखाली नेली आणि त्यांना तिथं बसवलं. हे मला बायकोनं नंतर सांगितलं. मला स्टेजवरून फक्त काळा चष्मा दिसत होता.

आम्ही वाजवलं. पहिल्या गाण्यात माझा हात जरा गडबडला, दुसऱ्यापासून बसला. जाड तारेवरचे ठोके हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत मोकळे मोकळे गेले असं बेसवाला म्हणाला, आणि साउंड सांभाळणाऱ्या माणसानंही येऊन विचारलं की पिकअप कुठला आहे. पोरं डोकी हलवायला लागली तेव्हा मामींनी घाबरून लेकीचा हात धरला होता. "ह्या पोरींला काय झालंय?"

"काही नाही आई, नाचायल्यात."

"मान मोडंल की."

संपल्यावर मी घामेजून त्यांच्यापाशी गेलो. कसं वाटलं म्हणून विचारलं. गिटार चांगली वाजली, टोचलं नाही, असं त्या म्हणाल्या, पण त्यांचं लक्ष माझ्या खांद्यावरून मागं होतं. ड्रमवाला एकटाच स्टेजवर बसून आपलं सामान सोडवत होता, शर्ट पाठीला चिकटलेला.

"त्यो लई राबला," मामी म्हणाल्या. "तुम्ही दोघं नुसतं उभं व्हता. त्याला उद्या जेवाया बोलवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पार्सलांच्या फेरीतून वेळ काढून आला. मोठी पिशवी दाराशी ठेवली आणि पाटावर मांडी घालून बसला. मामींनी बाजरीची भाकरी केली होती, भरीत, शेंगदाण्याची चटणी, आणि वर लोणी. तो खाली मान घालून जेवत होता. तिसऱ्या भाकरीला त्यानं नको म्हणून ताटावर हात आडवा धरला. मामींनी तो हात बाजूला सारला आणि भाकरी वाढली.